ओसाड गावीचा एरंड

मराठी भाषेने एरंडाला फारसा मान दिलेला नाही. ‘ओसाड गावी एरंड बळी’ या म्हणीत तो मोठा ठरतो खरा, पण दुसरे झाडच नाही म्हणून. कंटाळवाण्या, निष्फळ चर्चेला आपण ‘एरंडाचे गुऱ्हाळ’ म्हणतो. चरकात घातलेल्या एरंडातून रस तो काय निघणार, हा त्यातला उपहास. होळीच्या मध्यभागी अनेक गावांत एरंडाची फांदी रोवतात, ती अखेर जळण्यासाठीच. घरात एरंडेलाची बाटली असे ती मुलांना धाक घालण्यासाठी. संस्कृत वैद्यकाने मात्र त्याला ‘वातारि’, ‘गंधर्वहस्त’ अशी भारदस्त नावे दिली, आणि हालाच्या गाथासप्तशतीत नांगरधाऱ्याच्या कुंपणावरून डोकावणारा एरंड गावातल्या तरुणांना आतल्या रूपवतीची वर्दी देतो. हे अपवाद होत. एरवी आपल्या वाङ्मयातला एरंड बांधावरचा, आणि बांधावरच राहिलेला.

प्रस्तुत लेखात आम्ही ज्या इतिहासाकडे लक्ष वेधू इच्छितो, त्याच्या मध्यावर हा एरंड उभा आहे. इतिहास आहे जाम झालेल्या इंजिनांचा. साहित्याच्या अभ्यासकांनी या विषयात का शिरावे, असे कोणी विचारील. आमचे उत्तर एवढेच की, यंत्रांचा इतिहास हीसुद्धा एक कथनपरंपरा आहे. तिच्यात नायक कोण, विदूषक कोण, आणि कोणाचे नावच घ्यायचे नाही हे ठरलेले असते.

गॅरेजच्या बोलीपासून सुरुवात करू. तेथे ‘इंजिन सीझ झाले’, ‘जाम झाले’, ‘बसले’, ‘पिस्टन पकडला’ असे निरनिराळे प्रयोग ऐकू येतात. शेवटचा प्रयोग व्याकरणाच्या अंगानेही पाहण्यासारखा आहे. पिस्टन पकडला, पण कोणी? वाक्यात कर्ता नाही. ऐकणारा मनात सिलिंडरला कर्ता करतो. वस्तुतः या घटनेत पिस्टन आणि सिलिंडर दोघेही कर्मे आहेत. दोघांना एकमेकांपासून दूर ठेवणारा तेलाचा पातळ पडदा निघून गेलेला असतो, आणि वाक्यातून गायब झालेला कर्ता तोच. धातूचा पृष्ठभाग डोळ्यांना आरशासारखा दिसला तरी सूक्ष्मदर्शकाखाली तो डोंगरदऱ्यांचा प्रदेश असतो. तेलाचा पडदा फाटला की या डोंगरांची शिखरे एकमेकांना भिडतात, घर्षणाच्या उष्णतेने क्षणभर सांधली जातात, पुढच्याच क्षणी फाटतात आणि फाटताना धातूचे ओरखडे काढतात. उष्णतेने पिस्टन फुगतो, सिलिंडर त्या मानाने कमी फुगतो, आणि दोघांमधली उरलीसुरली फटही संपते. मग मिनिटाला हजारो वेळा वरखाली होणारी वस्तू जागच्या जागी थिजते.

हा पडदा नेमके काय करतो हे शास्त्राला कळले त्याची हकिकत मौजेची आहे. इंग्लंडमधील मेकॅनिकल इंजिनिअर्सच्या संस्थेसाठी १८८३ च्या सुमारास बोशां टॉवर हे गृहस्थ रेल्वेच्या आसांच्या बेअरिंगवर प्रयोग करीत होते. तेल घालण्यासाठी त्यांनी बेअरिंगच्या माथ्यावर एक भोक पाडले होते. यंत्र फिरू लागले की त्या भोकातून तेल आत जाण्याऐवजी वर उसळू लागे. भोकात बूच बसवले, तर तेच बाहेर ढकलले गेले. फिरणारा आस स्वतःच तेलाला पाचरीसारखे आत खेचतो आणि त्या तेलाच्या दाबावर अक्षरशः तरंगतो, हे त्या उडालेल्या बुचाने सांगितले. १८८६ मध्ये ऑसबर्न रेनॉल्ड्स यांनी त्याचे गणित मांडले.

आपल्याकडच्या गाडीवानाने गणित मांडले नव्हते. पण कोरडा आस करकरू लागला की जू खाली ठेवून, चाक सरकवून तुंब्यात वंगण घालायचे हे त्याला ठाऊक होते. वंगणाचे नळकांडे गाडीखाली लटकलेले असे आणि त्यात बहुधा एरंडेल असे. एरंडी भाजायची, कुटायची, पाण्यात उकळायची आणि वर आलेले तेल काढून घ्यायचे, ही घराघरांतली, मुख्यतः बायकांच्या हातची रीत. या तेलाचा गुण त्याच्या दाटपणात आहे, तसाच चिकटून राहण्यातही आहे. एरंडेलाचा फार मोठा भाग, शेकडा ८५ ते ९०, रिसिनोलेइक या एकाच मेदाम्लाचा बनलेला असतो. त्याच्या रेणूची रचना अशी असते की तो धातूला धरून बसतो. दाब वाढला, उष्णता वाढली तरी इतर तेलांइतका लवकर जागा सोडत नाही. रेल्वे आली तेव्हा हिंदुस्थानात हेच तेल रेल्वेच्या वंगणासाठी आणि दिव्यांसाठी वापरात आले. येथपर्यंतची गोष्ट जमिनीवरची.

आकाशातली गोष्ट फ्रान्समध्ये सुरू होते. सेगँ बंधूंनी १९०८ च्या सुमारास ‘नोम’ नावाचे विमानाचे इंजिन तयार केले. सात सिलिंडर चाकाच्या आऱ्यांसारखे मांडलेले. पण विलक्षण गोष्ट अशी की त्यातला क्रँक स्थिर असे आणि सगळे सिलिंडर पंख्यासकट त्याच्याभोवती गरगर फिरत. वाऱ्यात फिरल्याने ते थंड राहत, पाण्याची टाकी नको, जड चाक नको. वजन इतके कमी की १९०९ च्या ऑगस्टमध्ये रीम्सच्या विमान-मेळाव्यात हेन्री फार्मन यांनी याच इंजिनाच्या बळावर दूर पल्ल्याचे बक्षीस जिंकले. आमच्या वाचकांनी बैलगाडीचे चाक डोळ्यांपुढे आणावे : तुंबा, आरे आणि त्या आऱ्यांतच स्फोट होत आहेत, अशी काहीशी ही रचना.

या रचनेत एक पेच होता. पेट्रोलची वाफ आणि हवा यांचे मिश्रण क्रँकच्या पेटीतूनच सिलिंडरात जाई. तेलही तेथेच. खनिज तेल पेट्रोलमध्ये विरघळते. म्हणजे पेट्रोल येता-जाता वंगण धुऊन नेणार आणि पिस्टन पकडणार. एरंडेल मात्र पेट्रोलमध्ये सहजी मिसळत नाही. म्हणून या जातीच्या प्रत्येक इंजिनाला, मग ते नोम असो, ल रोन असो की क्लर्जे, एरंडेलच लागे. तेही एकदा घालून भागत नसे. ते सतत आत पंप करावे लागे, आणि फिरणारे सिलिंडर ते जळके-अर्धजळके बाहेर फेकत. तासाला कित्येक लिटर एरंडेल हवेत उधळून हे इंजिन चाले. लंडनमध्ये १८९९ साली स्वतःची वंगणाची पेढी काढणाऱ्या चार्ल्स वेकफील्ड यांनी १९०९ मध्ये आपल्या नव्या तेलाला ‘कॅस्ट्रॉल’ हे नाव दिले ते एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच. पेट्रोल पंपावर हिरव्या-लाल अक्षरांत हे नाव वाचताना आपल्याला बांधावरचे झाड आठवत नाही, एवढेच.

१९१४ चे महायुद्ध आले आणि या इंजिनांची संख्या हजारोंनी वाढली. सॉपविथ कॅमल हे इंग्रजांचे गाजलेले लढाऊ विमान याच जातीच्या इंजिनावर उडे. २८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनमधले हरदित सिंग मलिक १९१७ मध्ये कॅमल चालवीत होते. म्हणजे हिंदुस्थानी वैमानिकही त्या एरंडेलाच्या धुक्यात बसून लढला आहे. (मुंबईचे श्रीकृष्ण वेलिणकर १९१८ मध्ये याच युद्धात कामी आले, त्यांचे डॉल्फिन विमान मात्र पाण्याने थंड होणाऱ्या इंजिनाचे होते, म्हणून ते या कथेच्या बाहेर राहतात.) वैमानिकाच्या चेहऱ्यावर, चष्म्यावर, गळपट्ट्यावर तेलाचे थेंब साचत, श्वासावाटे ते आत जाई, आणि मग त्या तेलाचा घरोघर माहीत असलेला परिणाम होई. पहिल्या महायुद्धातील विमानांविषयीच्या बहुतेक लोकप्रिय लेखनात हा विनोद आवर्जून येतो. एरंडेल इतिहासात शिरले ते असे, विदूषकाच्या वेषात. आमची तक्रार विनोदाविषयी नाही. तो विनोद सांगून झाल्यावर, एवढे तेल येत कोठून होते हा प्रश्न विचारायचे राहून जाते, याविषयी आहे.

ते येत होते मुख्यतः हिंदुस्थानातून. निजामाचे हैदराबाद संस्थान, मद्रास इलाखा, मुंबई इलाखा, जेथे जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा तेथे एरंडी होई. कधी आंतरपीक म्हणून, कधी नुसती कडेला. मुंबई बंदरातून ती मार्सेय आणि हल येथील गिरण्यांकडे जाई. या साखळीतली पेढ्यांची आणि गिरण्यांची नावे कागदपत्रांत सापडतात. बोंडे वाळवून, बडवून बी मोकळे करणाऱ्या हातांची नोंद होण्याचे कारणच नव्हते. वैमानिकाच्या आठवणी छापल्या जातात. ज्या बियाने त्याचा पिस्टन मोकळा ठेवला तिला आठवणी नसतात.

अमेरिका १९१७ मध्ये युद्धात उतरली तेव्हा तिच्या अधिकाऱ्यांना हा प्रश्न फार लवकर भेडसावला. विमाने बांधता येतील, वैमानिक शिकवता येतील, पण तेल? त्यांनी आशियातून एरंडीचे बियाणे मागवले आणि आपल्या दक्षिणेकडील राज्यांत सुमारे एक लाख एकर लागवड करण्याची योजना आखली. आपल्या दृष्टीने बांधावर आपोआप उगवणारे झाड तेथे युद्धसामग्री ठरले. पुढे अमेरिकेच्या ‘लिबर्टी’ इंजिनासाठी खनिज तेलच नीट शुद्ध करून वापरता येते असे दिसले आणि त्या खटाटोपाची निकड ओसरली.

जर्मनीपुढे असा पर्याय नव्हता. इंग्रजी आरमाराच्या नाकेबंदीने हिंदुस्थानी एरंडी तिच्यापर्यंत पोचणे बंद झाले. तिच्या रसायनतज्ज्ञांनी ‘वोल्टोल’ नावाचे पर्यायी तेल पुढे आणले. तेलावर विजेची प्रक्रिया करून ते दाट करण्याची ही पद्धत. कागदावर ते ठीक होते. १९१८ च्या वसंतात सीमेन्स-शुकर्ट डी-३ हे नवे लढाऊ विमान आघाडीवरील तुकड्यांना मिळाले. त्यातले अकरा सिलिंडरांचे, १६० अश्वशक्तीचे इंजिन म्हणजे कल्पकतेचा कळस होता : सिलिंडर पंख्यासकट एका दिशेने मिनिटाला ९०० फेरे घेत आणि क्रँक उलट दिशेने ९००. चढाईच्या वेगात हे विमान समोरच्या कोणालाही मागे टाकील असे होते. आणि सात ते दहा तासांच्या उड्डाणानंतर त्याचे पिस्टन पकडू लागले.

सात ते दहा तास म्हणजे किती? आठवडाभराच्या गस्ती. त्यानंतर वैमानिक आकाशात असतानाच त्याचे इंजिन थिजण्याचा संभव. मे महिन्यात ही विमाने आघाडीवरून काढून कारखान्यात परत पाठवावी लागली. तेथे इंजिने बदलली, आणि इंजिनावरच्या पत्र्याच्या टोपाचा खालचा भाग कापून टाकला, जेणेकरून जास्त वारा लागावा. जुलैमध्ये विमाने परतली तेव्हा त्यांचे वर्तन पुष्कळ सुधारलेले होते. पण निर्णायक महिने निघून गेले होते.

दोष कोणाचा? कोणी वोल्टोलला दोषी ठरवतात, कोणी अपुऱ्या थंडाव्याला, कोणी घाईने केलेल्या जुळणीला. पत्रा कापल्यावर सुधारणा झाली, तेव्हा उष्णतेचा वाटा नाकारता येणार नाही. आमच्या मते हा वाद एक आरोपी शोधण्याच्या सवयीतून येतो. उत्तम तेल हे इंजिनाच्या इतर दोषांना पोटात घालते. थोडी जास्त उष्णता, थोडी कमी फट, थोडा ओबडधोबड पृष्ठभाग हे सारे एरंडेलाखाली खपून गेले असते. तेल हलके झाले आणि प्रत्येक दोष उघडा पडला. नाकेबंदीची कथा आपण धान्याच्या, रबराच्या, नायट्रेटच्या संदर्भात वाचतो. पिस्टनच्या अंगावरचे ओरखडे हीही त्या नाकेबंदीचीच लिपी आहे.

युद्ध संपले तशी फिरत्या सिलिंडरांची जातही संपली, आणि एरंडेलाचे राज्य तिच्याबरोबर गेले. त्याचेही दोष होतेच. तापले की ते लाखेसारखे घट्ट होते, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटवून टाकते. जे तेल चालत्या इंजिनाला पकडू देत नाही तेच थांबलेल्या इंजिनाला आतून चिकटवते. शर्यतीच्या गाड्यांत त्याचा वापर पुढेही बराच काळ चालू राहिला, कारण शर्यतीनंतर इंजिन उघडून साफ करायला तेथे माणसे असत. सामान्य गाडी मात्र खनिज तेलावर गेली.

आपल्याकडे जाम झालेल्या इंजिनाची खरी ओळख झाली ती टू-स्ट्रोक दुचाकींमुळे. आकुर्डीच्या बजाज स्कूटर, म्हैसूरच्या जावा आणि येझदी, राजदूत या सर्वांमध्ये पेट्रोलबरोबरच तेल मिसळून घालण्याची रीत होती. म्हणजे फ्रान्समधल्या त्या नोम इंजिनासारखेच : मिश्रण क्रँकच्या पेटीतून जाणार आणि तेल जळून बाहेर पडणार. फरक असा की येथे तेल पेट्रोलमध्ये विरघळणे हाच गुण ठरला आणि एरंडेलाचा न विरघळण्याचा जुना गुण अवगुण झाला. टाकीच्या तळाशी ते वेगळे बसले असते. शास्त्राच्या इतिहासात गुणांची अशी अदलाबदल वारंवार दिसते. वाङ्मयाच्या इतिहासातही दिसते, पण तो वेगळा विषय आहे.

या दुचाकींचे पिस्टन पकडत ते चढावर, हे सर्वांना ठाऊक होते. त्याहून कमी जणांना ठाऊक होते ते उताराचे. खंबाटकीसारखा घाट उतरताना चालक पेट्रोल वाचवण्यासाठी ॲक्सिलरेटर पूर्ण मिटतो, पण गाडी गिअरमध्ये असल्याने चाके इंजिनाला वेगाने फिरवतच राहतात. पेट्रोल येत नाही, आणि तेल पेट्रोलमध्येच असल्याने तेही येत नाही. आराम वाटतो आहे अशा क्षणी मागचे चाक एकाएकी ओढले जाते आणि घासत जाते. जाणते मिस्त्री सांगत की उतारावर मधूनमधून क्लच दाबून थोडा ॲक्सिलरेटर द्यावा, आणि मागे ओढल्यासारखे वाटताच आधी क्लच धरावा. क्लच धरला की चाक मोकळे होते. इंजिनाचे पुढे पाहता येते.

पुढे काय पाहायचे, त्याचीही एक शिस्त आहे. गरम इंजिनाला किक मारायची नाही. ते थंड होऊ द्यायचे. पुष्कळदा पिस्टन आकसतो आणि आपण होऊन सुटतो. सुटला नाही तर प्लग काढून त्या भोकातून थोडे तेल सोडायचे, वरच्या गिअरमध्ये गाडी पुढे-मागे हलकेच झुलवायची. सुटल्यावर लगेच चालू करून निघण्याचा मोह टाळायचा, कारण ओरखडे आत असतातच आणि तुटका रिंगेचा तुकडा सिलिंडर नासवून ठेवतो. मग हेड काढणे, पिस्टन बाहेर घेणे, लेथवाल्याकडे बोअर मोठा करून घेणे आणि पाव-पाव मिलिमीटरने वाढत्या मापाचा पिस्टन बसवणे. मापे संपली की नवी स्लीव्ह. वर्षानुवर्षे गोठ्यात उभ्या राहिलेल्या गाडीचे किंवा शेतावरच्या ट्रॅक्टरचे इंजिन उष्णतेने नव्हे, गंजाने बसलेले असते. त्याला डिझेल आणि तेल यांचे मिश्रण पाजून दिवसचे दिवस वाट पाहावी लागते. रोज थोडे तेल, रोज पान्याने अगदी हलका प्रयत्न, कधी या बाजूला, कधी त्या. येथे बळजोरी करणारा कनेक्टिंग रॉड वाकवून बसतो. या कामात उपाय एकच, पडदा परत आणणे, आणि तो घाई करून परत येत नाही. चाक सरकवून तुंब्यात वंगण घालणाऱ्या गाडीवानाची रीत यापेक्षा मुळात वेगळी नव्हती.

एकविसाव्या शतकात प्रदूषणाच्या नियमांमुळे टू-स्ट्रोक दुचाकी रस्त्यांवरून जवळजवळ नाहीशा झाल्या आणि पेट्रोलमध्ये टोपणाने तेल मोजून घालणे ही गोष्ट आमच्या विद्यार्थ्यांना सांगावी लागते. एरंडेल मात्र कोठेच गेले नाही. जेट विमाने आली तेव्हा त्यांच्या बेअरिंगच्या प्रचंड उष्णतेत खनिज तेल टिकेना. १९५० च्या आसपास पहिल्या पिढीची जी कृत्रिम वंगणे त्यांच्यासाठी तयार झाली ती सेबॅसिक आम्लापासून, आणि हे आम्ल एरंडेलापासून काढतात. जे झाड १९१८ नंतर आकाशातून उतरले असे समजले गेले ते तीस-बत्तीस वर्षांनी वेगळ्या नावाने परत वर गेले. एरंडेलापासून बनणारे एक नायलॉन मालमोटारींच्या एअर ब्रेकच्या नळ्यांसाठी वापरले जाते. जगातली बहुतेक एरंडी आजही भारतात, त्यातही गुजरातेत, पिकते. खंबाटकीचा घाट उतरणाऱ्या एखाद्या ट्रकच्या ब्रेकच्या नळीत ती असणे अगदी शक्य आहे. आणि त्याच घाटाखालच्या एखाद्या बांधावर पाच बोटांच्या पानांचा एरंड, कोणी न लावता, उगवलेला असतो.